ज्या भाषा कोणी बोललं नाही

भूमिकांच्या खेळात पाच-सहा माणसं एका टेबलाभोवती बसतात. एकजण जग मांडतो आणि बाकीचे त्या जगातली पात्रं होतात. कोणी तलवारबाज, कोणी वैदू, कोणी भुरटा चोर. पात्र काय करतंय ते खेळणारा सांगतो, त्यातून काय घडलं ते जग मांडणारा सांगतो, आणि निकाल दोन्हीकडे झुकू शकेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला पहिला छापील खेळ 1974 साली अमेरिकेत निघाला. मी राहते त्या कॅनडातल्या एडमंटनला नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळी बाहेर पडायचं म्हणजे आधी गाडी गरम करायची, मग अंगावर कपड्यांचे थर चढवायचे. अशा गावात बेसमेंटमध्ये वर्षानुवर्षं चाललेले हे खेळ पुष्कळ आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टात शिकायला आले तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी अशा एका टेबलावर पहिल्यांदा बसले. काही वर्षांत जग मांडण्याचं काम माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून मी भाषा रचायला लागले. त्या भाषांपायी चांगली जमलेली टेबलं मोडली, आणि एक माणूस माझ्या हातून दुखावला गेला. ते एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात आहे.

या खेळांत 'कॉमन' नावाची एक भाषा असते. माणूस, एल्फ, ड्वार्फ, सगळ्यांना ती येते, म्हणून खेळ अडत नाही. टोरोंटोत जन्मलेल्या, ग्रंथालयात नोकरी केलेल्या एड ग्रीनवुडने लहानपणापासून रचत आणलेलं 'फरगॉटन रिअल्म्स' हे जग 1987 मध्ये छापून आलं आणि जगभर खेळलं गेलं. त्यात थोरास, एस्प्रुआर, डेथेक अशा वेगवेगळ्या लिप्या आहेत, पण टेबलावरचा कारभार कॉमनवरच भागतो. मला ते पटायचं नाही. मी नगर जिल्ह्यातली. घरी मराठी, शेजारी मारवाडी, शाळेत हिंदी-इंग्रजी, आणि आजोळी सोलापूरकडे गेलं की कन्नड कानावर पडायची. पाच मुलखांची माणसं एका खानावळीत बसतात आणि कोणाचंच कोणापाशी अडत नाही, हे मला खोटं वाटायचं. माझं म्हणणं आजही तेच आहे. चुका पुढे झाल्या.

पहिली भाषा मी नदीकाठच्या व्यापारी लोकांसाठी केली. नेहमीच्या वापरातले इंग्रजी शब्द घेतले आणि एकेकापुढे नवा शब्द लिहून काढला. कानाला गोड लागावेत म्हणून ल, र, व, न ही अक्षरं जास्त घातली. यादी संपली तेव्हा भाषा तयार झाली असं मला मनापासून वाटलं. टेबलावर भाषाशास्त्राचा एक विद्यार्थी होता. मी दिलेल्या एका शिलालेखावर त्याने पेन्सिलीने शब्दाखाली शब्द मांडले आणि कागद माझ्याकडे सरकवला. शब्दांचा क्रम इंग्रजीचा, काळ इंग्रजीचे, आणि इंग्रजीत 'द' येतो त्या प्रत्येक जागी माझाही एक एकाक्षरी शब्द. मराठी घरात वाढलेल्या बाईच्या भाषेत तो आपसूक येऊन बसला होता. 'हे इंग्रजीच आहे,' एवढंच तो म्हणाला आणि आम्ही पुढे खेळलो.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत लिहून ठेवले आणि कित्येक शतकं ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिप्या उलगडल्या, तेव्हा आतून निघाली ती सरळ मराठी. शाळेत आम्ही 'च'ची भाषा बोलायचो, तिचंही तेच. त्यात कमीपणा काही नाही. महानुभावांना ग्रंथ झाकायचे होते, आम्हाला बाईंपासून बोलणं झाकायचं होतं, आणि दोन्ही कामं झाली. माझ्या नदीकाठच्या लोकांना काही झाकायचं नव्हतं. त्यांना पेरायचं होतं, विकायचं होतं, पोरींची लग्नं करायची होती. पुराच्या पाण्याला ते काय म्हणतात, सासऱ्याला कशी हाक मारतात, उधारी कशी मागतात, याचा मी विचारच केला नव्हता, कारण माझ्यापुढच्या यादीत ते नव्हतं.

पुढे आमच्याच गावात एक मोठं काम झालं. बायोवेअर ही 1995 मध्ये डॉक्टरांनी मिळून काढलेली एडमंटनची कंपनी. तिचा 'जेड एम्पायर' हा व्हिडिओ गेम 2005 मध्ये आला. त्यातली थो फान ही भाषा आमच्याच विद्यापीठात भाषाशास्त्राची पीएच.डी. करणाऱ्या वुल्फ वाइकली याने रचली होती. आपल्या गावात, आपल्या विद्यापीठात कोणीतरी हे काम एवढ्या गांभीर्याने करतंय हे पाहून मला उमेद आली. त्याच सुमारास बार्कर वाचला.

एम. ए. आर. बार्कर हे भाषाशास्त्रज्ञ. ऑरेगनमधल्या क्लॅमथ या मूलनिवासी भाषेचं व्याकरण आणि कोश त्यांनी केला. 1960च्या दशकात ते मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात इस्लामविद्येच्या संस्थेत होते. उर्दूचं त्यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक तिथूनच 1967 मध्ये निघालं, त्यानंतर बलुचीचं. त्यांनी कोवळ्या वयापासून मनात वाढवलेल्या टेकुमेल या जगावरचा खेळ 1975 मध्ये छापला गेला, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नंतर लगेचच. त्या जगातल्या त्सोल्यानी भाषेला पुरं व्याकरण आहे, स्वतःची लिपी आहे, आणि समोरच्याचा हुद्दा, नातं, प्रसंग पाहून बदलणारी 'तू'ची डझनावारी रूपं आहेत. अरे-तुरे, अहो-जाहो सांभाळत वाढलेल्या मला ते फार जवळचं वाटलं.

दुसरी भाषा मी त्या ओढीने केली. आठ विभक्त्या, तीन लिंगं, क्रियापदात बोलणाऱ्याचा दर्जा दाखवणारा प्रत्यय. कामावरून येऊन, स्वयंपाक-जेवण आटोपून मी रात्री वह्या घेऊन बसायची. त्या रात्री सुखाच्या होत्या, हेही सांगायला हवं. रूपावली जुळत जाते तसा एक हिशोब जमत जातो, आणि तो जमल्याचा आनंद खोटा नसतो. फक्त त्या खोलीत मी एकटी होते, आणि माझ्याशी त्या भाषेत कोणी वाद घालत नव्हतं.

मग मी नियम केला की डोंगरातल्या त्या शहरात कॉमन चालणार नाही. त्या संध्याकाळी खेळात शहराबाहेर वणवा पेटला होता, वारा शहराच्या दिशेचा होता, आणि वेशीवरच्या पहारेकऱ्याला सावध करून दार उघडून घ्यायचं होतं. हे काम ज्या पात्रावर आलं, ते खेळणारी बाई न्यूफाउंडलंडची, इथे नर्स. रात्रपाळी करून, दिवसा थोडी झोप काढून ती आली होती. माझ्या कोशातले शब्द तिने कार्डांवर लिहून आणले होते, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला माझी भाषा. काही कार्डांवर चहाचे डाग होते. तिने सांगितलं, आग येतेय, तुमच्याकडे. शब्द सगळे बरोबर होते. प्रत्यय उलटे लागले, आणि माझ्या व्याकरणाने अर्थ झाला की पहारेकरी आगीकडे निघालाय. मी म्हणाले, तो गोंधळून तुझ्याकडे बघतो. तिने कार्डं चाळली, पुन्हा सांगितलं. या खेपेला लिंग चुकलं. मी म्हणाले, तो मान हलवतो. बाकीचे तिला मदत करायला पुढे वाकले तर मी त्यांना थांबवलं, कारण त्यांची पात्रं तिथे हजर नव्हती. तिने कार्डं टेबलावर ठेवली. हाताने वणव्याची दिशा दाखवली, मग दार दाखवलं, मग गळ्यावर हात ठेवून खोकून दाखवलं. कुठल्याही मुलखातला पहारेकरी ते समजला असता. मी म्हणाले, त्याला शब्दाशिवाय दार उघडायची परवानगी नाही.

ती परवानगीची अट वहीत कुठेच नव्हती. ती मी त्या क्षणी काढली. पहारेकरी खुणेने समजला असता तर एवढ्या रात्री बसून केलेल्या कामाची कोणाला गरजच पडली नसती, आणि ते मला सहन होणार नव्हतं. शहर जळालं. तिचं पात्र वेशीबाहेर मेलं. ते तिने बराच काळ जपून, समजून खेळलं होतं. तिने कार्डं गोळा केली, त्यांना रबर लावला आणि ती माझ्यापुढे ठेवून म्हणाली, 'ही तुझी आहेत.' पुढच्या शनिवारी ती आली नाही. मग आणखी दोघं गळली आणि बर्फ वितळायच्या आत ते टेबल संपलं. त्या दोघांतल्या एकीशी माझी मैत्री मी या देशात आले तेव्हापासूनची होती. ती मैत्री त्यानंतर पूर्वीसारखी झाली नाही.

बार्करच्या स्वतःच्या टेबलावरही खेळ इंग्रजीतच चालायचा. त्सोल्यानी असायची ती नावांत, पदव्यांत, देवळांवरच्या लेखांत. हे मी वाचलेलं होतं, तरी मनावर घेतलं नव्हतं. दुसरा फरक तर फार उशिरा ध्यानात आला. सिनेमातली आणि व्हिडिओ गेममधली भाषा नट बोलतात. युबीसॉफ्ट मॉन्ट्रियलच्या 'फार क्राय प्रायमल' या 2016च्या गेममध्ये सगळे संवाद वेन्जा आणि तिच्या भगिनीभाषांत आहेत. केंटकी विद्यापीठातल्या अँड्र्यू आणि ब्रेना बर्ड या दांपत्याने त्या रचल्या, आणि त्यांचा पाया आहे आदिम इंडो-युरोपीय भाषा, जिला संस्कृतची आणि म्हणून मराठीचीही पूर्वज मानतात. नटांना त्यांनी ती शिकवली, उच्चार घटवून घेतले. त्या नटांना संवाद लिहून मिळाले होते, कामाचे पैसे मिळत होते, आणि चुकलं तर पुन्हा रेकॉर्ड करता येत होतं. क्लिंगॉनची सुरुवात तर नटाच्याच तोंडून झाली. 1979च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी तिचे पहिले उच्चार व्हँकुव्हरला जन्मलेल्या जेम्स डूहनने केले, आणि मार्क ओक्रँडने व्याकरण रचलं ते त्यानंतर, त्या उच्चारांना धरून. माझ्या टेबलावर दिवसभर राबून आलेली माणसं होती आणि त्यांनी ऐनवेळी बोलावं अशी माझी अपेक्षा होती.

तिसऱ्या भाषेबद्दल लिहिणं मला जड जातंय.

नवं टेबल जमलं होतं. जंगलातून धाड घालणाऱ्या एका टोळीसाठी मला ऐकताक्षणी परकी वाटेल अशी बोली हवी होती. ग्रंथालयात क्री भाषेचं व्याकरण हाती आलं आणि वाचता वाचता मी हरखून गेले. क्रीमध्ये नामांचे दोन वर्ग, सजीव आणि निर्जीव, आणि दगड सजीवांत. दोन तृतीय पुरुष एका वाक्यात आले तर त्यांतला मुख्य कोण आणि दुय्यम कोण हे रूपांवरूनच कळतं; 'त्याने त्याला त्याच्या घरी नेलं' यात आपल्याकडे होतो तो घोळ तिथे होत नाही. आणि ऐकणाऱ्याला धरून एक 'आपण', त्याला वगळून एक 'आम्ही', हा इंग्रजीत नसलेला भेद क्रीमध्ये आहे. मी राहते ते एडमंटन क्री लोकांचं अमिस्क्वचीवास्काहिकन. त्यांच्या भाषेचं माझ्या भाषेशी असं काही जुळतं याचा मला खरा आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात मी ते सगळं उचललं. क्रियापदांची घडण तशीच ठेवली, काही व्यंजनं फिरवली, आणि ती बोली धाडखोरांच्या तोंडी घातली. हे धाडखोर गळ्यात कवट्या बांधायचे, गावं जाळायचे. त्यांना मारलं की खेळणाऱ्यांच्या खात्यात गुण जमा व्हायचे.

त्या टेबलावर एक तरुण नव्याने यायला लागला होता. तो क्री घरातला आहे हे मला माहीत होतं. आजी क्री बोलते, पण खोलीत एकटी असताना, असं त्याने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नव्हतं.

टोळीच्या म्होरक्याची धमकी मी पाठ करून, आवाज खाली नेऊन म्हटली. सगळ्यांना आवडली. तो म्हणाला, 'पुन्हा म्हण.' मी पुन्हा म्हटली. 'शेवट आजीच्या बोलण्यासारखा लागतो,' तो म्हणाला. मला ती दाद वाटली. मी भरभरून सांगायला लागले, व्याकरण कुठलं, प्रत्यय कसा, व्यंजनं कुठली फिरवली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, 'आणि यांनाच आम्ही मारायचं?' मी म्हणाले, ही क्री नाही, आवाज बदललेत, नुसती घडण घेतलीय. त्याने विचारलं होतं त्याचं उत्तर 'हो' असं होतं. तो रात्री उशिरापर्यंत खेळला. पाळी आली की फासा टाकला. जाताना बूट चढवून, सगळ्यांना हात करून गेला. पुन्हा आला नाही.

कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून 1990च्या दशकापर्यंत निवासी शाळा चालल्या. मूलनिवासींची दीड लाखावर मुलं घरांतून नेऊन त्यांत ठेवली, आणि आपली भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा केल्या. सत्य आणि सलोखा आयोगाचं शेवटचं राष्ट्रीय अधिवेशन मार्च 2014 मध्ये एडमंटनलाच भरलं. मी जाऊन ऐकत बसले. घरी येऊन त्या तरुणाला पत्र लिहिलं. काय केलं ते लिहिलं, त्याला आता आठवत असो वा नसो. त्याचं थोडक्यात उत्तर आलं. पत्र मिळाल्याचं बरं वाटलं, तो संध्याकाळी क्रीच्या वर्गाला जातो, आजी वारली. टेबलाचा उल्लेख त्याने केला नाही, मीही पुन्हा केला नाही. 2021च्या जनगणनेत या देशातल्या सत्तराहून अधिक मूलनिवासी भाषांपैकी एखादी तरी बोलता येणारी मूलनिवासी माणसं सुमारे 2 लाख 37 हजार भरली, आपल्याकडच्या एका तालुक्याएवढी. त्यातलं मी जे उचललं ते खलनायकांसाठी.

'बाहुबली' आला 2015 मध्ये. मदन कार्की यांनी रचलेली किलिकी सगळ्यांना आवडली, आणि भाषा म्हणून ती मेहनतीने केलेली आहे. पण ती बोलतात कालकेय: अंगाने काळे, दातओठ खाणारे, मारायला आणलेले. थिएटरात आजूबाजूला मुलं खुशीत त्यांची नक्कल करत होती आणि मला माझा म्होरक्या दिसत होता. गोड ल-र-वच्या भाषा शहाण्यांना आणि घशातल्या भाषा रानटांना, ही वाटणी मी पहिल्या वहीपासून करत आले होते. ज्यांच्या घरी खरोखर घशातून बोलतात त्यांना ती कशी लागत असेल, हा प्रश्न एवढ्या वर्षांत माझ्या मनात आला नव्हता.

आणि 2022 मध्ये बार्करबद्दल ती बातमी आली. नाव बदलून त्यांनी नाझी विचारांची एक कादंबरी लिहिली होती. ती 1991 मध्ये निघाली होती. त्यांच्या वारशाची जबाबदारी असलेल्या टेकुमेल फाउंडेशननेच ते जाहीरपणे मान्य केलं. क्लॅमथ, उर्दू, बलुची यांवर आयुष्य घालवलेला माणूस. भाषेवर जीव असला की ती बोलणाऱ्यांवरही असतोच, असं मी आजवर धरून चालले होते, त्यांच्याबाबतीत आणि स्वतःच्याही. त्यांचं टेकुमेलचं पुस्तक मी अजून कपाटात ठेवलंय, पण नव्या मुलांना देताना लेखकाबद्दल हे सांगूनच देते. दुसरीकडे ब्रिटिश कोलंबियात क्रिस्टीन श्रेयर आहेत. अटलिनच्या टाकू रिव्हर ट्लिंगिट लोकांबरोबर त्यांच्या भाषेचं काम केलेल्या या प्राध्यापक बाईंनी 2013च्या 'मॅन ऑफ स्टील' साठी क्रिप्टॉनची भाषा रचली. दोन्ही कामं एका माणसाला प्रामाणिकपणे करता येतात, हे मला त्यांच्याकडे पाहून पटतं. त्या आधी माणसांबरोबर बसल्या. मी पुस्तक घेऊन एकटी बसले होते.

चौथी भाषा मी रचली नाही. इथल्या ओळखीच्या मराठी घरांतली नऊ ते तेरा वर्षांची काही मुलं हिवाळ्यात आमच्याकडे खेळायला यायला लागली. तेव्हा मी चिनूक वावाबद्दल वाचत होते. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर, आजच्या ऑरेगनपासून अलास्कापर्यंत, एकोणिसाव्या शतकात ही व्यापाराची बोली चालायची. चिनूक, नूचानुल्थ, फ्रेंच, इंग्रजी अशा शब्दांची सरमिसळ, मोजके काहीशे शब्द, आणि तेवढ्यावर माशांच्या कारखान्यात, बंदरात, लाकूडतोडीत लोकांचं भागायचं. ब्रिटिश कोलंबियात कॅमलूप्सला फादर ले ज्यून यांनी 1891 पासून त्या बोलीत नियतकालिक चालवलं. टोरोंटोच्या सोन्या लँग यांनी 2001 मध्ये मांडलेल्या टोकी पोनात सुमारे 120च शब्द होते, आणि ती आज जगभर माणसं हौसेने बोलतात.

हे वाचताना मला वडिलांची आडत आठवली. भुसार बाजारात सौदा हत्त्याने व्हायचा. दोन माणसांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं बोलायची. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावर भाव ठरायचा. वरून दोघांचे चेहरे कोरे. मी ज्वारीच्या पोत्यावर बसून उपरण्याची हालचाल बघायची. त्यांच्याही आधीच्या व्यापाऱ्यांकडे नंदभाषा होती, आकड्यांना वेगळे शब्द असलेली, गिऱ्हाइकासमोर आपापसांत बोलायला. हत्त्यात शेतकऱ्याला भाव कळायचा नाही आणि तो नागवला जायचा, म्हणून ती पद्धत बंद करावी लागली; ते योग्यच झालं. पण ज्या दोघांचे हात उपरण्याखाली होते त्यांना एकमेकांकडून काहीतरी हवं होतं, आणि तेवढ्यावर ती बोटं वर्षानुवर्षं बिनचूक बोलली. हे माझ्या डोळ्यांसमोरच होतं, आणि मी आठ विभक्त्या करत बसले होते.

मुलांना मी कोश दिला नाही. प्रत्येकाचं पात्र वेगळ्या बेटावरचं. एकाकडे मीठ, एकीजवळ होड्या, एकाकडे औषधी मुळं, आणि हिवाळा काढायला सगळ्यांना सगळं लागणार. टेबलावर इंग्रजी बंद. जो शब्द तुम्ही दोघांनी मिळून ठरवाल तो खरा. पहिल्या दिवशी नुसता गोंगाट झाला. मग एकाने मिठासाठी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि तो राहिला. नकार म्हणजे टेबलावर दोनदा टकटक. 'खूप' म्हणायचं तर शब्द दोनदा. जे हवंय त्याचं नाव आधी, द्यायचं ते नंतर. हा क्रम कोणी ठरवला ते मला सांगता येणार नाही. काही शब्द मराठीतून आले, काही शाळेतल्या फ्रेंचमधून, काही कुठूनही नाही. हिवाळा सरत आला तेव्हा ती मुलं भांडत होती, फसवत होती, माफी मागत होती, आणि सगळं त्या मूठभर शब्दांत.

तिथे मी थांबायला हवं होतं. मी ते शब्द टाइप केले. होडीला दोन शब्द चालत होते, एक धाकट्या मुलींचा, एक बाकीच्यांचा. मी सोयीचा एक ठेवला आणि प्रत्येकाला प्लास्टिकमध्ये बसवलेला कागद दिला. धाकटीने कागद वाचला आणि विचारलं, 'काकू, मग आमचा चुकीचा होता का?' मी नाही म्हणाले, पण कागदावर तो नव्हता. त्या संध्याकाळी तिने होडी इंग्रजीत मागितली. मग हळूहळू बाकीचेही इंग्रजीवर आले. महिन्याभराने मी कागद परत घेतले, त्याचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी आपली आपण नवी भाषा केली आणि मला शिकवली नाही. आता ती मुलं मोठी झालीत. ती धाकटी आता जग मांडते आणि मी तिच्या टेबलावर खेळायला जाते. तिथली भाषा मला थोडी कळते, निम्मी कळत नाही. मागच्या खेळात माझ्या पात्राला होडी हवी होती. ज्या मुलीकडे होड्या होत्या तिच्याशी मी येत होते तेवढ्या शब्दांनी आणि हातवाऱ्यांनी बोलले. तिने मीठ मागितलं, मी थोडं देऊ केलं, तिने टेबलावर दोनदा टकटक केली. मी वाढवलं. मग ती एक शब्द बोलली, तो मला नवा होता. मी अर्थ विचारला.

'आधी मीठ,' ती म्हणाली.